मावळ्याच्या पायाखालची जमीन

(ध्वनिभागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. वाचायला सोपं जावं म्हणून मधे उपशीर्षकं घातली आहेत.)

आजचा विषय दहा रुपयांच्या नाण्याएवढा आहे. टेबलटॉप खेळांमध्ये ज्या छोट्या मूर्ती असतात, मिनिएचर्स, त्यांच्या पायाखाली एक गोल चकती असते. तिला सगळे बेस म्हणतात, आपणही बेसच म्हणू. साधारण माणसाएवढ्या पात्राचा बेस २५ किंवा ३२ मिलिमीटरचा. आज त्या चकतीवर काय लावायचं, का लावायचं आणि ते आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कुठून मिळवायचं, एवढंच बोलणार आहे.

रंगकामाबद्दल आपण आधी बरंच बोललोय. चेहरा, डोळे, अंगरखा, तलवारीची धार. या सगळ्यावर लोक तीन-तीन रात्री घालवतात आणि बेसवर मात्र दहा मिनिटं. वाळू चिकटवली, हिरवा रंग फासला, झालं. पण मूर्ती सांगते हा माणूस कोण आहे, आणि बेस सांगतो तो कुठे उभा आहे आणि कोणत्या महिन्यात उभा आहे. माझ्या मते निम्मी गोष्ट तिथेच असते.

हिरवी चकती आली कुठून

बेस मुळात सजावटीसाठी नव्हताच. शिपाई उभा राहावा, पडू नये, एवढंच त्याचं काम. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं, खेळण्यातल्या शिपायांना जमिनीवर मांडून लढाई कशी खेळायची याच्या नियमांचं. तेव्हा खालची पट्टी ही फक्त पट्टी होती. पुढे १९८३ मध्ये इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपचा ‘वॉरहॅमर’ आला, आणि नव्वदच्या दशकात त्यांच्या बेसचा तो भडक हिरवा रंग जगभर पसरला. कारण सरळ होतं. ज्या टेबलावर खेळायचे त्यावरही हिरवंच कापड असायचं.

मग हळूहळू वाळू आली, नकली गवत आलं, बर्फ आला, लाल-पिवळी पानगळ आली. आज इंटरनेटवर बेस शिकवणारे जेवढे व्हिडिओ बघाल, त्यात बहुतेक वेळा तिकडचीच जमीन असते. ओलसर कुरण, पाइनची साल, बर्फ. त्यांनी त्यांच्या परसातलं उचललं, त्यात चूक काहीच नाही. पण आपण ते जसंच्या तसं केलं की काय होतं? मावळा छान रंगवलेला असतो, आणि तो इंग्लंडच्या कुरणात उभा असतो. बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही.

हे आपल्याला आधीपासून येतं

आता गंमत बघा. बेस सजवणं आपल्याला नवीन नाही. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरं काय आहे? विटा आणि दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट अंथरायचं, हळीव नाहीतर मोहरी पेरायची, भुसा रंगवून वाटा करायच्या, गेरूने बुरूज रंगवायचे आणि मग महाराज, मावळे, तोफा मांडायच्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांनी हे कुणीही क्लास न घेता केलेलं आहे. चिखल किती पातळ हवा, उतार किती ठेवला की माती घसरत नाही, हे हातांना माहीत असतं.

फरक आहे तो प्रमाणाचा, म्हणजे स्केलचा. किल्ल्यावर आपण स्केलची पर्वा करत नाही. महाराज बुरुजापेक्षा उंच असतात, शेजारी प्लास्टिकचा वाघ हत्तीएवढा असतो आणि पायथ्याशी एखादी मोटार उभी असते. किल्ल्यावर ते शोभतं, त्याचं काहीच वाटत नाही. पण तीस मिलिमीटरच्या चकतीवर एक दाणा चुकला तरी डोळ्यांत भरतो.

एक दाणा म्हणजे केवढा दगड

थोडं गणित करू. आपली मूर्ती २८ मिलिमीटरची धरा. खरा माणूस १७० सेंटिमीटर. भागाकार केलात तर साधारण साठ येतो. म्हणजे बेसवरची प्रत्येक गोष्ट मनात साठपट मोठी करून बघायची.

एक मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे सहा सेंटिमीटरचा दगड. मुठीत मावेल असा. पाच मिलिमीटरचा खडा म्हणजे तीस सेंटिमीटरचा धोंडा, ज्यावर माणूस पाय ठेवून उभा राहील. आणि जमिनीवरची साधी धूळ दाखवायची असेल तर मैद्याच्या चाळणीतून गाळलेली माती हवी, त्याहून जाड नको.

आता हळीव घ्या. दिवाळीपर्यंत कोंब पाच सेंटिमीटर वाढले, तर साठपट म्हणजे तीन मीटर. बेसवर लावलं तर मावळा बांबूच्या बनात हरवला! पण किल्ल्यावरचा मातीचा मावळा दहा सेंटिमीटरचा असतो. तिथे पट येते सतरा. तेच पाच सेंटिमीटरचे कोंब पंच्याऐंशी सेंटिमीटरचे होतात, म्हणजे कमरेएवढं रान. म्हणून किल्ल्यावर हळीव इतका खरा दिसतो. ज्यांनी पहिल्यांदा तो पेरला त्यांनी गणित मांडलं नसेल, पण नजर बरोबर होती.

आधी तिथी बघा, मग गवत रंगवा

सह्याद्रीचं गवत वर्षभर एका रंगाचं नसतं, हे आपल्याला सांगायला नको. जूनच्या शेवटी पोपटी, श्रावणात गर्द, दिवाळीनंतर सोनेरी व्हायला लागतं, आणि माघ-फाल्गुनात पार वाळून तांबूस होतं. वैशाखात कितीतरी उतारांवर वणव्याची काळी राख. मग मावळ्याखाली कोणतं गवत लावायचं? प्रसंग ठरवा, उत्तर आपोआप येतं.

घोडखिंड, म्हणजे पावनखिंड. जुलै १६६०. आषाढ. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे भर पावसात. इथे पिवळं गवत लावलंत तर सगळा प्रसंगच गेला. इथे हवा काळा ओला कातळ, त्यावर शेवाळ, पायाशी चिखल आणि चिखलात साचलेलं पाणी. ओलेपणासाठी महाग काही लागत नाही. नखांना लावायचं पारदर्शक पॉलिश असतं ना, त्याचा एक थेंब खळग्यात सोडला की डबकं तयार.

प्रतापगड. नोव्हेंबर १६५९, मार्गशीर्ष. पाऊस संपलेला, जावळीचं रान अजून हिरवं, पण मोकळ्या जागेतलं गवत टोकांकडून पिवळं पडायला लागलेलं. मुळाशी हिरवा, शेंड्याला पिवळा, असे दोन रंग एकाच पुंजक्यात दिसायला हवेत.

कोंढाणा, म्हणजे सिंहगड. फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. इथे हिरवं जवळजवळ नकोच. वाळकं गवत, उघडा दगड, थोडा पाचोळा.

तिन्ही ठिकाणी मूर्ती हुबेहूब तीच ठेवा. तोच मावळा, तेच रंग. फक्त बेस बदला आणि शेजारी शेजारी मांडून बघा. तीन वेगळी माणसं दिसतील.

दगड गावाचं नाव सांगतो

जे महिन्याचं, तेच जागेचं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. आता त्यातले तीनच घेऊ.

रायगड हा बेसाल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला काळा पाषाण, म्हणून कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात. उभा कडा, मग गवताची अरुंद पायरी, परत कडा. हे दाखवायला खोक्याचा पुठ्ठा सगळ्यात चांगला. कापायचा नाही, फाडायचा. फाटलेले तुकडे फेविकॉलने एकावर एक आडवे चिकटवा, कडा थोड्या मागेपुढे ठेवा. रंग दिल्यावर त्या फाटक्या कडा थेट कातळासारख्या दिसतात.

विजयदुर्गाच्या परिसरात जांभा. तांबडा, भोकाभोकांचा. फुटक्या विटेचा तुकडा घ्या, सुईने टोचून भोकं पाडा, वर गेरूचा हलका हात.

आणि जिंजी ग्रॅनाइटची. तिथे आडवे थर नाहीत. गोल गुळगुळीत धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे. १६८९ मध्ये राजाराम महाराज तिकडे गेले आणि १६९८ मध्ये किल्ला पडेपर्यंत मराठ्यांच्या राजकारणाचा मोठा भाग तिथून चालला. सह्याद्रीतला माणूस त्या गोल धोंड्यांमध्ये उभा दाखवलात, तर तो घरापासून किती लांब आलाय हे काही न लिहिता कळतं. त्यासाठी नदीतले गोटे हवेत, वाटाण्याएवढे.

आपल्या लाइनीवरचं सामान

सामान कुठे मिळणार, हा प्रश्न नेहमी येतो. कर्जतकडे जाणारी गाडी पकडा आणि उजव्या हाताच्या खिडकीशी बसा. अंबरनाथ आलं की मलंगगड दिसतो. पुढे टावळी, मग नवरा-नवरीचे सुळके, म्हैसमाळ, आणि बदलापूर-वांगणीकडे चंदेरी. ही सगळी रांग म्हणजे बेसाल्टचा फुकटचा धडा आहे. पावसाळ्यात एकदा आणि मार्चमध्ये एकदा, तोच डोंगर, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रंग कोणते घ्यायचे ते त्या दोन फोटोंवरून ठरवा.

दुसरा धडा अंबरनाथच्या शिवमंदिरात, वालधुनीच्या काठी. १०६० सालचा शिलालेख असलेलं शिलाहारांचं मंदिर, याच काळ्या दगडातलं. जवळ जाऊन बघा, साडेनऊशे वर्षं पाऊस खाल्लेला काळा दगड काळा नसतोच. राखाडी असतो, कुठे तपकिरी, कुठे दगडफुलाचे पांढरट डाग. नुसता काळा रंग फासलेला बेस डांबरासारखा का दिसतो, ते तिथे कळतं. मात्र तिथला खडासुद्धा उचलायचा नाही. मंदिर, किल्ला, जंगल इथे फक्त डोळे आणि कॅमेरा.

उचलायचं ते इथून. बांधकामावरची क्रश सँड, विचारून, एक मूठ. आपल्याकडे बांधकामांना तोटा नाही. ही वाळू दगड फोडून केलेली असते, म्हणून तिचे कण टोकदार. ताज्या फुटलेल्या कातळासाठी उत्तम. उल्हास नदीच्या काठचे कण गोलसर, पाण्याने घासलेले. ओढा, नदी, समुद्रकाठ दाखवायला ते. दोन्ही एकाच बेसवर कालवू नका.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात लाकडाचा भुसा मिळेल, आणि प्लायवुडची कापून उरलेली पट्टीही. भुसा चाळून पोस्टर कलरमध्ये भिजवा, वाळवा, झालं गवत. काथ्याचा तुकडा हा वाळक्या गवताला तोड नाही असा, रंगसुद्धा द्यावा लागत नाही. चहाचा चोथा धुऊन कडक उन्हात वाळवला की पाचोळा. आणि पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर शेवाळ येतं, ते अलगद खरवडून वाळवून ठेवा. वाळल्यावर तपकिरी होतं, त्याची चिंता नको, रंग देता येतो.

थर्माकोल शक्यतो टाळा. २०१८ च्या बंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं आहे. शिवाय स्प्रेचा रंग मारला की ते विरघळतं. पुठ्ठा बरा.

आता हातात घेऊ

क्रमाने सांगतो. माती आणि वाळू आधी जुन्या तव्यावर भाजून घ्या. ओल जाते, किडे-अंडी असतील तर तीही. मग दोनदा चाळा, एकदा चहाच्या गाळणीतून, एकदा मैद्याच्या चाळणीतून. जाड, मध्यम, बारीक अशा तीन ढिगल्या होतील.

चकतीवर आधी मोठी गोष्ट बसवा. एकच. कातळाचा तुकडा किंवा धोंडा, आणि तो मधोमध नको, एका बाजूला. मूर्तीच्या पायात बारीक तार घालून ती बेसमध्ये रोवा, म्हणजे पुढे रंगवताना हलणार नाही. मूर्ती ज्या दिशेने बघतेय त्या बाजूला मोकळी जागा ठेवा.

फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून ब्रशने लावा. जाड वाळू दगडाच्या पायथ्याशी, कारण डोंगरातही पडलेले तुकडे तिथेच साठतात. मध्यम त्याच्या पुढे, बारीक माती मोकळ्या जागेत. झटकून वाळू द्या. मार्चमध्ये दोन तास पुरतात, जुलैत रात्रभर ठेवा, आपल्याकडची हवा माहीत आहेच. वाळल्यावर पातळ फेविकॉलचा अजून एक हात.

रंग तीन पायऱ्यांत. पहिला गडद, मातीला तपकिरी आणि दगडाला काळपट राखाडी. दुसरा, काळा रंग पाण्यासारखा पातळ करून खाचांमध्ये सोडायचा. तिसरा, ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट राखाडी फक्त उंचवट्यांवरून फिरवायचा. गवत सगळ्यात शेवटी, आणि कमी. सह्याद्रीत गवत दगडाच्या आडोशाला, फटीत, जिथे माती धरून राहते तिथे असतं. तिथेच लावा. शेवटी चकतीची कड एका रंगात रंगवा, सगळ्या सैन्याची सारखी, म्हणजे तुकडी एक वाटते.

माती विचारून बघा

शेवटचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बदलापुरात किंवा अंबरनाथमध्ये दिवाळीच्या आधी एखाद्या सोसायटीतल्या पोरांना विचारा, किल्ल्याला माती कुठून आणणार? आवारात पेव्हर ब्लॉक. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रे ठोकलेले. मागच्या टेकडीचा मुरूम ट्रकमधून गेलेला. मग घमेलंभर मातीसाठी वॉचमनकाकांना मस्का लावायचा, नाहीतर दुकानातून रंगवलेला तयार किल्ला आणायचा. तयार किल्ला वाईट असतो असं नाही. पण तो कुठल्याच गावचा नसतो. त्याला इथली माती लागलेली नसते आणि ती कालवताना पोरांच्या लक्षात येणाऱ्या गोष्टी राहून जातात. ही माती चिकट का, ती लाल का, हा दगड फोडला की आतून निळसर का दिसतो.

किल्ल्याला घमेली लागतात. बेसला एक चिमूट पुरते. वन-रूम किचनमधल्या खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा तो होतो. म्हणून घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल, तर या दिवाळीत किल्ला शक्य असेल तर किल्ला कराच, आणि नसेल तर त्याच्याबरोबर पाच बेस करा.

त्यासाठी एक सवय लावून घ्या. रिकाम्या काडेपेट्या जमवा. आपल्या अंबरनाथला विम्कोचा काडेपेट्यांचा मोठा कारखाना होता, तेव्हा काडेपेटीवर आपला जरा जास्तच हक्क! जिथे जाल तिथली चिमूटभर माती एका पेटीत, आणि वर लिहायचं, जागा आणि महिना. ‘मलंगगडाकडचा रस्ता, मार्च.’ ‘उल्हासचा काठ, ऑक्टोबर.’ ‘आमच्या मागचा प्लॉट, मे.’ त्या मागच्या प्लॉटवर वर्षभरात चौदा मजले उभे राहतील. पण तिथली तांबूस माती तुमच्या एका मावळ्याच्या पायाखाली असेल, आणि पोराला विचारलंत तर ते जागेचं नाव सांगेल.

तर या आठवड्याचं काम. एक मूर्ती घ्या, रंगवलेली नसली तरी चालेल. आधी कागदावर दोन शब्द लिहा, ठिकाण आणि महिना. मग बेस करा, आणि तो घरातल्या कुणालाही दाखवून एवढंच विचारा, ‘हा माणूस कुठे आणि कधी उभा आहे?’ उत्तर कागदाच्या जवळपास आलं तर बेस जमला.

पुढच्या भागात तोफा आणि बैलगाड्यांचे मोठे बेस घेऊ, त्यांच्या चाकोऱ्या कशा उमटवायच्या ते. तोपर्यंत माती चाळून ठेवा. भेटू.